झोपेतल्या पेटीची चावी

चावी पुसणारी ओळ मीच काढून टाकली होती. हे वाक्य लिहायला मला उशीर झाला; बोलायला तर त्याहूनही जड गेले.

मंगरूळपीरच्या बाजारासाठी भाजीपाला पिकवणाऱ्या आमच्या गटाची एक पेटी आहे. थोरल्या भावाच्या मळ्यातल्या टिनाच्या शेडमध्ये ती भिंतीला लावलेली असते. बाहेरून मीटरचा डबा, आत छोटा संगणक. गटातल्या साऱ्या विहिरींच्या मोटारी तिच्यामार्फत मोबाइलवरून चालतात. यंत्र आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून कारभार पाहणारा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. पुण्यात त्याच कामात केस पिकवून मी गावी परतलो आणि ही पेटी उभी केली. भावाची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा नुकतीच अभियांत्रिकी शिकून घरी आली होती. पेटीला झोपवण्याचा आणि उठवण्याचा भाग मी तिच्यावर सोपवला.

आमच्याकडे लाइन गेली की पेटी बॅटरीवर येते, आणि बॅटरी टिकवायची तर पेटीने झोपले पाहिजे. झोपेत बाकी सारे बंद होते. फक्त मेमरीला थोडी वीज मिळत राहते. धोका तिथेच असतो. ज्या गुप्त आकड्याचा हुकूम मोटारी मानतात, ती चावीही त्याच मेमरीत असते. म्हणून झोपण्यापूर्वी कर्नलने चावी पुसावी आणि उठल्यावर कोणीतरी पासवर्ड टाकावा, अशी रचना पुतणीने केली.

भावाला ती पटली नाही. "दर खेपी लाइन आली का पासवर्ड. पेटी हाय का सासू हाय?"

गटाला पेटी दाखवायची होती, त्या सकाळी मी प्रोग्रॅममधली चावी पुसणारी ओळ काढून टाकली. लाइन परत येताच पेटी क्षणात जागी झाली, मोटर सुरू झाली, टाळ्या पडल्या. त्या मला हव्याच होत्या. ओळ परत घालायचे मनात होते; पण सगळे खूश होते, आणि मी घातली नाही. पुतणीलाही सांगितले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गटाने पेटी तपासायला बाहेरचा एक इंजिनिअर बोलावला. त्याने झोपलेली पेटी उघडली आणि गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ पिशवीत घालून मेमरीवर ठेवला. गार झालेली मेमरी वीज तुटल्यावरही आपल्यातला मजकूर काही क्षण सोडत नाही. तेवढ्यात त्याने ती काढून आपल्या यंत्रात बसवली, चावी वाचली आणि भावाच्या विहिरीवरची मोटर सगळ्यांदेखत चालू केली.

"झोपेचा भाग कोणाचा?" त्याने विचारले.

"माझा," पुतणी म्हणाली.

"घ्या," टमाट्याचा एक बागाईतदार म्हणाला, "साऱ्याइच्या विहिरी पोरीच्या हाती देल्ल्या अन् आपन निजून राह्यलो."

लोक हसले. मी पाटातल्या पाण्याकडे पाहत राहिलो. घरी आल्यावर भावाने तिला बजावले, "आता पेटीले हात नको लावू."

तिने लावला नाही. माझा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत काम मांडले. झोपताना मेमरीतली चावी पुसली जाईल, एका वेगळ्या चिपमध्ये ती बंद राहील, आणि झाकण उघडले गेले नसेल तरच चिप ती परत देईल, अशी युक्ती तिने बसवली. पासवर्डची कटकट संपली आणि बर्फाची भीतीही. आमच्या पेटीतला कर्नल जगभरच्या असंख्य यंत्रांतही चालतो; मग तिने ते काम तो सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवले. देशोदेशी विखुरलेली ही मंडळी स्वल्पविरामावरूनही काम परत करतात. तिचेही कितीदा तरी परत आले. ती रुसली नाही, दर वेळी आधीपेक्षा नेटके करून पाठवत राहिली. अखेर ते स्वीकारले गेले.

उभ्या नोकरीत मला त्या गाभ्यात किरकोळ डागडुजीपलीकडे जाता आले नव्हते. आता कुठल्याशा अनोळखी गावी कोणी आपले यंत्र झोपवतो, तेव्हा आमच्या घरातल्या मुलीने लिहिलेले काम चालते. हे आठवले की मळ्याच्या बांधावर एकटा असलो तरी माझी मान ताठ होते.

गटाने त्याच शेडमध्ये तिचा सत्कार ठरवला, आणि गुरू म्हणून मी बोलावे असेही. त्या सकाळी ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी तिला सारे सांगितले.

"काका, ते मले तवाच दिसलं व्हतं," ती जुडी आवळत म्हणाली. "कोनं काय बदललं, हे आपल्या कामात लपते का?"

"मंग बोलली काहून नाही तू?"

"तुमी बोलसान म्हून थांबली व्हती."

शेडमध्ये शाल झाली, नारळ झाला. भाऊ म्हणाला, "बोला आता, गुरुजी." टमाट्याचा तो बागाईतदार पुढच्याच रांगेत होता. मी उभा राहिलो. पेटीवर हात ठेवला.

"चावी पुसायची ओळ हिनं लिहिली व्हती," मी म्हणालो. "टाळ्या भेटाव्या म्हून मी ते काढली. तुमी हिले हासले, तवा मी गप रायलो. पोरी, चूक माही व्हती अन् सोसली तू. मले माफ कर."