आंघोळीत गुडघ्याचं नाव घेणारे व्याही

२०१९ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि आंघोळ करताना माणूस देवाचं नाव घेतो अशी तोवर माझी पक्की समजूत होती. माझे व्याही गुडघ्याचं नाव घेत. पहिला तांब्या डोक्यावर ओतला की ‘काबेसा’, दुसरा खांद्यावर की ‘ओम्ब्रो’, मग पोट म्हणजे ‘बारीगा’, मग गुडघा, ‘रोदिया’, आणि असं करत पावलांपर्यंत. सगळं स्पॅनिशमध्ये, खणखणीत आवाजात. नाशिकरोडला त्यांच्या बिल्डिंगीत तो आवाज पाइपातून खालपर्यंत जायचा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला एकदा जिन्यात थांबवून हळूच विचारलं, तुमच्या व्याह्यांनी कुलदैवत बदललं का. असा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि जिल्हा मी द्राक्षाच्या टेम्पोत बसून सगळा पाहिलेला आहे.

कारण सरळ होतं. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा स्पेनमध्ये वालेन्सियाला राहतात. आमची नात तिथेच जन्मली, तीन वर्षांची झाली आणि बोलायला लागली ती तिथल्या भाषेत. मी मुलीला फोनवर झापलं. ती म्हणाली, आबा, आम्ही दोघं कामावर, पोर दिवसभर पाळणाघरात, मराठी तिच्या कानावर पडते किती. मी म्हणालो, मग तिनं शिकावं. मी चौथी शिकलेला माणूस, दिंडोरीच्या मातीत जन्म काढलेला, या वयात जीभ वाकडी करणार नाही. व्याह्यांनी वाद घातला नाही. ते नाशिकच्या रविवार कारंजा चौकात गेले, रद्दीवाल्याकडून विटेएवढी जाड इंग्रजी-स्पॅनिश डिक्शनरी आणली आणि शरीरापासून सुरुवात केली. म्हणाले, भाषा नसली तरी नाक दोघांना आहे, बोट लावलं की काम झालं.

व्याही जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. लोकांचे ट्रंककॉल जोडून देण्यात त्यांची नोकरी गेली, पण सवय गेली नाही. कुणी जरा लांबण लावली की ट्रंककॉलची वेळ संपल्यावर विचारायचे तसं मधेच म्हणणार, ‘तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?’ मुलांच्या लग्नात भटजींनासुद्धा विचारलं होतं. भटजी मंत्र विसरले.

माझं त्यांचं सुरुवातीला फारसं जमलं नाही, कारण मी त्यांच्या घरी पाणी प्यायचो नाही. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणी घेत नाही. आता सासर स्पेनमध्ये आणि घर नाशिकरोडला, पण नियम तो नियम. मी दिंडोरीहून एस.टी.नं यायचो, घरची बाटली घेऊन. व्याही समोर थंडगार पाण्याचा पेला ठेवून म्हणायचे, ‘व्याही, पिऊ नका. नुसतं बघा.’ नात झाल्याचा निरोप आला त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं गेलो आणि त्यांच्या दारात उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यालो. व्याह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, ‘जपून. सवय नाही तुम्हाला.’

तेव्हापासून माझे रविवार तिथे जायला लागले. माझ्या फोनात चित्र दिसायचं नाही, त्यांच्या दिसायचं. फोन लागायच्या आधी ते मला आठवड्याची कमाई ऐकवत. म्हणत, इंग्रज चेष्टा करतो तेव्हा समोरच्याचा पाय ओढतो, स्पॅनिश माणूस केस घेतो. मी म्हणालो, आम्ही टोपी उडवतो, अंगाला हात लावत नाही. वस्तू महाग पडली तर इंग्रज हात आणि पाय देऊन बसतो, तर स्पॅनिश माणूस चेहऱ्यावरचा डोळा काढून देतो. मी म्हणालो, आमचे नुसते पांढरे होतात, कुणाला देत नाही आम्ही. ते खूश होऊन हे सगळं डिक्शनरीच्या कडेला बारीक अक्षरात टिपून ठेवत. तोंडाला तिकडे ‘बोका’ म्हणतात हे कळल्यावर मी दोन रविवार त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होतो.

फोन लागला की ते लेकाला आणि सुनेला खोलीबाहेर काढत. ‘पार्टी डायरेक्ट बोलेल,’ असं सांगत. मग मी मराठीत बोलायचो, ते मनात त्याचं इंग्रजी करायचे, इंग्रजीचं स्पॅनिश करायचे, आणि नात काहीतरी भराभर बोलायची. ते मला सांगायचे, ‘ती म्हणते, आबांच्या मिशा मस्त आहेत,’ किंवा ‘ती विचारते, बागेला पाणी दिलं का.’ मी आठवडाभर त्यावर जगायचो. छाटणीला आलेल्या माणसांना सांगायचो, माझ्या नातीला बागेची काळजी आहे.

एका रविवारी मी बोलून गेलो, ‘बाळा, तुझ्या आठवणीनं पोटात तुटतं गं.’ व्याह्यांनी इमानदारीनं शब्दाला शब्द लावून पोचवलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. आबा, पोटाला काय झालं? पोर जेवत नाही, म्हणते आबांचं पोट तुटलंय. मुलीला हसू आवरेना, मी मात्र पुढ्यातलं ताट झाकून ठेवलं. पुढच्या रविवारी नात फोनवर आली ती स्वतःच्या पोटावर हात ठेवूनच आली आणि विचारलं, ‘बारीगा?’ व्याही खुलासा करायला लागले, तर मी त्यांचा हात धरला. म्हणालो, ‘राहू द्या व्याही. विचारतेय ना, विचारू द्या.’ ती नऊ वर्षांची झाली तरी दर रविवारी विचारत राहिली.

गेल्या वर्षी व्याह्यांच्या गुडघ्यांनी जिने सोडले. एकटा माणूस, बायको आधीच गेलेली, म्हणून लेकानं त्यांना तिकडेच नेलं. जाताना त्यांनी आपला फोन मला देऊन टाकला आणि आंघोळीचा तांब्या सोबत नेला.

पहिल्याच रविवारी फोन लागला. मी द्राक्षाच्या शेडमध्ये बसलेलो. तिकडे स्वेटरात गुंडाळलेले व्याही आणि शेजारी नात. मी तिच्याशी चार वाक्यं बोललो आणि नेहमीसारखा थांबलो. व्याही काही सांगेनात. खाली बघत म्हणाले, ‘व्याही, एक सांगायचंय. पोर बोलायची ते मला अर्धंच कळायचं. उरलेलं मी घालायचो. मिशांचं, बागेच्या पाण्याचं, सगळं माझंच. इथे तर कुणाचंच काही कळत नाही. मी काबेसा म्हणतो, पोर म्हणते काबेथा, आणि हसते. भांडायला माणूस नाही हो इथे.’

मला राग यायला हवा होता. पण मी मनातल्या मनात हिशेब लावत होतो, की तिचं स्वतःचं असं माझ्यापाशी काय उरलं.

तेवढ्यात नातीनं पोटावर हात ठेवला. ‘बारीगा?’

मीही माझ्या पोटावर हात ठेवला. ती वाट बघत होती. मी व्याह्यांकडे बघितलं.

‘लाइन जोडली की ऑपरेटरनं मधे राहायचं नसतं,’ व्याही म्हणाले. ‘मी इतकी वर्षं राहिलो. बोला तुम्ही.’ आणि हातांनी गुडघे दाबत उठून चित्रातून बाहेर गेले.

तिनं मला पडलेला दात दाखवला. मी तिला माझे पडलेले सगळे दाखवले. ती हसली. फोन दोघांनीही ठेवला नाही. थोड्या वेळानं चित्राच्या बाहेरून व्याह्यांचा आवाज आला, ‘तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?’

‘वाढवा,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत जायच्या आधी मी न्हाणीत बसलो, दाराला आतून कडी लावली, पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि हळूच म्हणालो, ‘काबेथा.’