उतरायला जमलं पाहिजे

गेल्या महिन्यात एका सोमवारी माझे यजमान वारले. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे तेच काढून देत. म्हणून मी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात घडीचं स्टूल बघायला गेले.

तिथल्या दुकानदारांना मी वीस वर्षं ओळखते. स्वतःच्या मालाला नावं ठेवल्याशिवाय त्यांना काही विकता येत नाही. पहिलं स्टूल उघडून ते म्हणाले, "ह्ये घिऊ नगासा वैनी. पावणं बसलं की पाय पसरतंय." दुसरं त्यांच्या मते नुसतं फोटोपुरतं होतं. मग विचारलं, "फळी किती उंच हाय?"

"यांचा हात पोचायचा तेवढी."

"मग त्यास्नीच लावा की कामाला! स्टूल कशाला पायजे?"

मी काय झालं ते सांगितलं. वाईट वाटलं वगैरे ते काही म्हणाले नाहीत. दोन पायऱ्यांचं एक स्टूल मांडून आधी आपल्या भरभक्कम देहानिशी स्वतः त्यावर उभे राहिले, मग मला चढायला लावलं. माझा हात धरला नाही. स्टुलाच्या पायाशी आपला पाय रोवून रस्त्याकडे बघत राहिले.

"आता उतरा. चढाय समद्यास्नी येतंय वैनी, उतराय जमाय पायजे."

चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी मला तीनदा चढायला-उतरायला लावलं. तिसऱ्या खेपेला आपला पाय काढून घेतला. "न्हाय पडत तुमी," म्हणाले, आणि स्टूल बांधायला घेतलं.

आता घरात मी एकटी असते, आणि वरच्या फळीपर्यंत माझा हात पोचतो.