आडकाठीचा फैसला
फसली तेराशे तीस साली मी एकवीस वर्षांचा होतो, आणि माझ्या थोरल्या मेव्हण्याइतका डोकं खाणारा माणूस तेव्हा गोदावरीच्या अलीकडं दुसरा नव्हता. पलीकडचं मला ठाऊक नाही. तो सिरसाळ्याचा, विटीदांडूचा पंच. विटी हवेत असताना झेलायला धावणाऱ्याला समोरच्या गड्यानं अंग लावलं तर ती आडकाठी, आणि मारणारा बाद. पण विटी हाती येण्याजोगीच नसली, तर धक्का लागून बी आडकाठी नाही. एवढ्या कायद्यावर हा माणूस मुन्सिफाचा रुबाब करायचा. सगळं गाव वर विटीकडं बघायचं, हा खाली पायांकडं. मग धुळीत पालथा पडून पावलं न्याहाळायचा, दोघांना पुन्हा सावकाश धावायला लावायचा. गुरं रानातून घरी यायची, तरी फैसला नाही.

हे खूळ मैदानात राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. वासरू आचळाकडं जाताना म्हशीनं शेपटी मारली, म्हणून यानं म्हशीची पेंड बंद केली. पंचमीला त्याच्या घरी जेवताना वाढप्यानं तुपाची धार धरली आणि माझं कोपर त्याला लागलं. मेव्हणा पंगतीत उभा राहून म्हणाला, "आडकाठी. दाजींनी धार आडवली. पुन्ना वाढा." मी भरल्या ताटावरून उठलो. त्यानं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, ठेवून घेतलं. निरोप आला, हात जोडून या आन् घेऊन जा. मी कशाला जातो?

शेवटी थोरांनी तोड काढली. सुगीनंतर दोन गावांचा डाव व्हायचाच. आमचं दिंद्रुड जिंकलं तर त्यानं बहीण आणून पोचवावी, हरलं तर मी हात जोडावेत. आणि पंच? तोच. मीबी हो म्हणालो, कारण दुसरा पंच म्हणजे फेटा बांधलेला खुंटा.

त्यांचा शेवटचा गडी उरला. तो बाद झाला की आम्ही जिंकलो. त्यानं विटी उंच मारली. मी वर बघत धावलो, तर त्यांच्या एका आडदांड तेल्यानं असा खांदा दिला की मी तोंडावर पडलो. मेव्हणा आला, पालथा पडला, माझी पावलं बघितली, मग विटी पडली तिथवर दांडूनं मापत गेला.

"दाजी, धक्का लागला. त्याच्यात वाद न्हाई."

"मंग बाद द्या."

"पन विटी तुमच्या हाती येनार नव्हती. तुमी लई मागं व्हता."

"तुमी तर खाली बघत व्हता. विटी कुठं दिसली?"

"पडली तिथं दिसली." मग माझ्या अंगावरची धूळ झटकत हळूच म्हणाला, "भैन रोज वाटंकडं बघती. तुमी हरावं आसं मला वाटतंय व्हय?" आणि वळून मोठ्यानं, "आडकाठी न्हाई."

त्यांचा गडी टिकला आणि आम्ही हरलो. ती विटी माझीच होती. आजही सांगतो. पण तो गेला, आणि आता हे ऐकून उलट बोलणारं कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपली आणि सिरसाळ्याला गेलो. बायको गाठोडं घेऊन दारात उभी. म्हणाली, "दादा कवाच रानात गेलाय. तुमी येनार म्हनून." मी त्या रिकाम्या ओसरीला हात जोडले आणि तिला गाडीत बसवलं.