गव्हाच्या पोत्याऐवजी मी

मद्रासला जायचं ह्यांनी परस्पर ठरवलं आणि मला सांगितलं ते जेवताना, तोंडात घास असताना.

"समुद्राकाठी लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी आहे. तिथे एक दिवस आपापली मोटरसायकल पळवू देतात. साइडकारसकट दहा फेऱ्या न थांबता केल्या, तर मोटरसायकल कंपनीचे तिथले एजंट साहेब दुरुस्तीची एजन्सी देणार."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर भोपाळ."

नवीन राज्य झालं, राजधानी तिकडे गेली, तेव्हापासून ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात घरोघरी हाच शब्द. हे सरकारी मोटारखान्यात मिस्त्री. तिकडे ह्यांना लॉगबुकं लिहायला बसवणार होते. मला गोरखीजवळचं घर आणि रोजचं दत्ताचं देऊळ सोडायचं नव्हतं. म्हणून हो म्हटलं. एरवी त्या फटफटीसाठी मी स्टेशनापर्यंतसुद्धा गेले नसते.

साइडकार रिकामी असली की वळणावर उचलते, तिच्यात वजन लागतं. हे रेतीचं पोतं भरायला निघाले. समुद्रावर रेती न्यायची? मी दाल बाजारातून पोतंभर गहू आणवला. वजन ते वजन, आणि मद्रासेत पोळी दिसत नाही असं ऐकलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते. गाडी रेल्वेच्या मालडब्यात चढवण्याआधी टाकी पार रिकामी करायला लावतात. ह्यांनी काठोकाठ भरून आणली होती. ते पेट्रोल एका ट्रकवाल्याला अर्ध्या भावात गेलं आणि वर तोच म्हणाला, "बाईसाब, मिस्त्रीजी को समझाओ." तिसऱ्या वर्गात दोन रात्री बसून पाठीचं लाकूड झालं. नागपूरची संत्री तेवढी घ्या, स्वस्त आणि गोड.

मद्रासेत आम्ही कुणाच्या तरी ओळखीने रुक्मिणीबाईंकडे उतरलो. मूळच्या तंजावरच्या, घरात मराठीच. जेवायला मात्र तिन्ही त्रिकाळ भात. गव्हाचं पोतं पाहून त्या म्हणाल्या, "एवढा गहू? आमच्याकडे दुखणाईताला देतात." इडली दोन आण्यांत पोटभर मिळते, हे कबूल करायला हवं.

पळवायचा दिवस नेमका एकादशीचा. शहरापासून धावपट्टीपर्यंत ताडाची झाडं, खारट वारा आणि रस्त्यावर सांडलेली रेती. पोत्याला साइडकारमध्ये जागा, म्हणून मी बसने गेले. फाटकावरच्या तपासनीसाने पोत्यावर छडी मारली.

"ये नहीं चलेगा. फटेगा तो पीछेवाला गिरेगा. आदमी बिठाओ."

"कागदात लिहिलं नव्हतं का?" मी विचारलं.

"इंग्रजी होता गं. मी पैशांचं तेवढं वाचलं."

घरात मॅट्रिक झालेली मी. कागद मला दाखवावा असं ह्यांना ग्वाल्हेरपासून मद्रासपर्यंत एकदाही वाटलं नाही! बाकीच्यांचे जोडीदार ठरलेले. ओळखीचं म्हणावं असं तिथे चिटपाखरू नव्हतं. हे माझ्याकडे बघत राहिले.

"बघू नका," मी म्हटलं. "कळलं मला."

पोतं उतरवलं, टोपी बसेना म्हणून अंबाडा सोडला. उपासाच्या दिवशी डोक्यावर ह्यांची जुनी चामड्याची टोपी! आधी पदर गुंडाळला, त्यावर टोपी. नऊवारीचा काचा मारलेला होता म्हणून निभावलं. गोल साडीत कोणी हा उद्योग करू नये.

सगळी वळणं डावीकडची. प्रत्येक वळणावर साइडकारचं चाक उचलायचं आणि मी अर्धी बाहेर, जमिनीकडे झुकायची. समुद्राकडच्या वळणावर डोळ्यांत रेती जायची. एरवी जपात मन इकडेतिकडे जातं; त्या दिवशी दत्ताशिवाय काही आठवलं नाही. आठव्या फेरीत चाक इतकं उचललं की ह्यांनी वेग कमी केला.

"थांबवू का गं?"

"आता थांबवलीत तर भोपाळला एकटे जाल! चला!"

दहा झाल्या. मी उतरून टोपीतली रेती झाडली. एजंट साहेबांनी आधी मला नमस्कार केला. "मिस्त्रीजी, आप का इंजन अच्छा है. लेकिन आज गाड़ी बहनजी ने सँभाली." एजन्सी दिली म्हणाले, कागद मागून येतील. हे हसत होते. मला आधी नळ हवा होता.

गहू रुक्मिणीबाईंना देऊन आलो. परत न्यायला भाडं कोण देणार? निघायच्या आधी त्यांना पोळ्या लाटायला शिकवल्या. त्यांची पहिली पोळी लंकेच्या नकाशासारखी झाली.

घरी येऊन महिना झाला. अजून दाल बाजाराच्या कोपऱ्यावर वळताना मी डावीकडे झुकते, भाजीवाली विचारते, "बाई, कंबर धरली का?"

काल एजन्सीचा कागद आला. इंग्रजी. ह्या वेळी तो मी वाचला, दोनदा. अभिनंदन, सगळ्या अटी मान्य. फक्त दुकान नव्या राज्याच्या राजधानीत उघडावं.

ह्यांनी कागद उलटून पाठची बाजू पाहिली. मग म्हणाले, "लॉगबुकं तर नाही ना लिहावी लागणार. गाडी चालवतच जाऊ. साइडकारमध्ये गहू भरू?"

मी दत्ताची तसबीर उतरवून पुसायला घेतली.

"तिकडे इथल्यापेक्षा चांगला पिकतो," म्हटलं. "माझी टोपी काढून ठेवा."