माझा परीक्षेचा पाठ

पी हळद नि हो गोरी, अशा रीतीनं मी शिक्षिका झाले. रियाधमधल्या आमच्या मुलीच्या भारतीय शाळेत त्या वर्षी शिक्षकांची वानवा होती. इराकनं कुवेत घेतलं तशी कितीतरी कुटुंबं भारतात परतली, आणि त्यांच्याबरोबर बी.एड. झालेल्या बायाही गेल्या. आम्ही राहिलो, कारण यांच्या कफीलनं, म्हणजे तिथल्या अरब मालकानं, आमचे पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवले होते. युद्ध झालं तरी कंपनीचे हिशेब लिहायला माणूस लागतोच, असं त्याचं म्हणणं.

मुख्याध्यापिकाबाईंनी पदवीधर आयांना बोलावून घेतलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या गाढवांपैकी मी एक. चिपळूणच्या कॉलेजातली माझी रसायनशास्त्राची पदवी पोळ्या लाटता लाटता गंजून गेली होती. बाई म्हणाल्या, बी.एड. नसलं तरी चालेल. एका जुन्या शिक्षिकेच्या हाताखाली शिका, त्यांच्यासमोर परीक्षेचा एक पाठ द्या. पास झालात तर नोकरी तुमची, बी.एड. मागाहून बाहेरून करा. मला ती नोकरी अगदी जिवापाड हवी होती. तिथं बाईनं बाहेर पडायचं तर नवऱ्याला सवड हवी. शाळेची बस मात्र रोज दाराशी येऊन मला घेऊन जायची.

मला चौथीचा वर्ग मिळाला, तोही माझ्याच मुलीचा. पहिल्याच दिवशी तिनं मला इंग्रजीत बजावलं, "शाळेत तू आई नाहीस, मिस आहेस. आणि माझ्याशी मराठी बोलू नकोस, सगळ्या हसतात." माझ्या मोडक्या इंग्रजीची तिला लाज वाटत होती. मी हसण्यावारी नेलं, पण ते मनाला लागलं होतं. तिला एकदा दाखवूनच देते, असं मी मनात म्हटलं. पोटच्या पोरीशी ईर्ष्या!

मला शिकवणाऱ्या बाई केरळच्या, उभा जन्म फळ्यापुढे घालवलेल्या. पाठाचं टाचण कसं काढायचं, हे त्यांनी मला शिकवलं. आधी प्रस्तावना, मग प्रयोग, मग प्रश्न, आणि शेवटी उपयोजन. उपयोजनावर त्यांचा भारी जोर. त्यांच्या केरळी हिंदीत त्या सांगायच्या, "बच्चा अपने घर की मिसाल दे, तब समझना पाठ हुआ."

पाठ ठरला जानेवारीत. इराकला दिलेली मुदत संपत आली होती. विषारी वायूची क्षेपणास्त्रं येणार, अशी बोलवा होती, म्हणून घरोघरी एक खोली बंद करून ठेवली होती. आम्हीही झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून चारी कडांनी खाकी टेप चिकटवली. एसीची भोकंसुद्धा बुजवली. टेप मी इतकी नेटकी लावली होती की शेजारणी बघायला आल्या. त्याचाही मला अभिमान!

पाठाचा विषय होता, जळायला हवा लागते. टेबलावर मेणबत्ती पेटवली आणि वर लोणच्याची रिकामी बरणी उपडी ठेवली. ज्योत बारीक झाली, निळसर झाली, विझली. का विझली? आतली हवा संपली, असं मुली एका सुरात ओरडल्या. मागच्या बाकावर माझ्या केरळी बाई काहीतरी लिहीत होत्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग उपयोजन. घरात असं आणखी कुठं घडतं, मी विचारलं. एकीनं पेटलेल्या कढईवर झाकण ठेवण्याचं सांगितलं. शाब्बास म्हणते तोच माझी मुलगी हात वर न करताच उठली.

"आई, आपल्या खोलीत?"

तशी खोली प्रत्येकीच्या घरी होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी मुसमुसायला लागली.

मला उत्तर माहीत नव्हतं. बाहेरचा वायू आत येऊ नये एवढंच मी बघितलं होतं; आतली हवा तीन माणसांना किती पुरेल, हा विचार माझ्या पदवीधर डोक्यात आलाच नव्हता. मी मागे पाहिलं. बाईंचं पेन थांबलं होतं.

"मिस म्हण," मी म्हणाले, "आणि इंग्रजीत बोल."

तिनं तेच इंग्रजीत विचारलं, एकही चूक न करता. "मिस, आमच्या खोलीतली हवा संपली तर आमचं काय होईल?"

"हे आजच्या पाठात नाही. खाली बस."

ती बसली. त्या मुसमुसणाऱ्या मुलीलाही मी गप्प केलं, आणि उरलेला पाठ टाचणाप्रमाणे पार पाडला.

मी पास झाले. "क्लास पर पकड़ अच्छी है," बाई म्हणाल्या. मग पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "मिसाल तो उस बच्ची ने दे दी थी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसमध्ये ती माझ्यापासून दूर, मैत्रिणींत बसली. घरी आल्यावर थेट झोपायच्या खोलीत गेली. मी चहा टाकून आत डोकावले, तर ती खुर्चीवर चढून नखांनी खिडकीची टेप सोलत होती. प्लास्टिकचा एक कोपरा सुटून लोंबत होता आणि तिथून थंड वारा आत येत होता.

मी तिला खाली उतरवलं, जवळ घेतलं. ती अंग आखडून उभी राहिली.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले. "खरंच माहीत नव्हतं."

"मग शिकवलंस कशाला?" ती म्हणाली. मराठीत.

टेपचं भेंडोळं खिडकीतच होतं. मी ते हातात घेतलं. तो कोपरा पुन्हा चिकटवायचा की तसाच ठेवायचा, तेही मला माहीत नव्हतं.