बाहीचे टाके

तन्वीचा फोन आला तेव्हा मी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंद शहरातल्या एका दुकानात रजईसाठी घासाघीस करत होतो. "काका, विलाससर... मतलब, सर आता नाहीत," एवढंच ती बोलली. विलासच्या संघातली, फौजी घरातली ही मुलगी एरवी माझ्याशी हिंदीतच बोलते. त्या दिवशी मराठी बोलली. दुकानदार भाव उतरवत राहिला आणि मी रजई हातात धरून तसाच उभा राहिलो.

विलास आमच्या विद्यापीठात क्रीडा संचालक, मी गणिताचा मास्तर. तो सांगलीकडचा, जुना कबड्डीपटू. आवाज असा, की दुर्गापुऱ्यातल्या घरी त्याने चहा मागितला तर शेजारीही आधण ठेवत. काही वर्षांपूर्वी मुलं त्याच्याकडे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांसाठी खोली मागायला आली. त्याने आधी त्यांना हाकललं आणि मग, स्वभावाप्रमाणे, गुपचूप सामना बघायला गेला. "अरे, चढाईला जावं तशी पोरं श्वास धरून बसतात. हा खेळ नाही तर काय?" पडद्यावर कोण कुणाला मारतंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलांचे आखडलेले खांदे मात्र लगेच कळत. सामन्याआधी सगळी त्याच्या शिट्टीवर बैठका मारत.

त्याचं मागणं एकच होतं. इतर खेळाडूंसारखा यांनाही विद्यापीठाचा ब्लेझर मिळावा. दर बैठकीत कुणीतरी हसायचं. "उद्या पत्ते पिसणाऱ्यांनाही द्या," असं एक प्राध्यापक म्हणाले तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या वर्षी संघाच्या फोटोसाठी त्याने स्वतःचा कबड्डीचा ब्लेझर ट्रंकेतून काढून कर्णधाराला घातला. बाह्या लोंबायला लागल्या, तेव्हा सुईदोरा घेऊन आत दुमडून टाके घातले. मग दरवर्षी तेच... जुने टाके उसवायचे, नव्या कर्णधाराच्या मापाने घालायचे. एवढा आडदांड गडी डोळे बारीक करून दोरा ओवायचा. मी चिडवायचो, "शिंपी झालास की रे!" तो म्हणायचा, "होऊ दे. पोरांचे हात दिसले पाहिजेत. हातांनीच तर खेळतात."

गेल्या वर्षीचं माप तन्वीचं होतं.

शोकसभेत कुलगुरूंनी ब्लेझर मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. मला राग आला, अजून येतो. तो होता तेव्हा काय झालं होतं?

मागच्या आठवड्यात या वर्षीचा फोटो निघाला. चौघांच्या अंगावर नवे, मापात शिवलेले ब्लेझर. नवा कर्णधार महिपाल, मुरलीपुऱ्याचा उंचापुरा पोरगा, त्याने मात्र हट्टाने जुनाच घातला. बाह्या तन्वीच्या मापाच्या, त्यामुळे मनगटं चार बोटं बाहेर. विलासची बायको, सुनंदावहिनी, उसवून द्यायला कात्री घेऊन आल्या होत्या. त्यांनी बाही उलटली, टाक्यांवरून बोट फिरवलं... आणि कात्री पर्समध्ये ठेवून दिली. "रहने दो, आंटीजी," महिपाल हळूच म्हणाला.

फोटोत त्याचे हात मनगटाच्याही वरपर्यंत दिसतात. टाके अजून विलासचेच आहेत.