दुर्बिणीचं बारसं

माझ्या भाचीला चंद्र पहिल्यांदा मी दाखवला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आता ते कुणालाच आठवत नाही.

बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या परसात, धुण्याच्या दगडापाशी, मी हौसेनं घेतलेली हातभर लांबीची दुर्बीण उभी असायची. भाऊ-वहिनी ऑफिसातून उशिरा येतात. मी बँकेतून लवकर येते, त्यामुळे अंधार पडला की परस आम्हा दोघींचं. दुर्बीण मी लावायची आणि पहिल्यांदा बघायचं तिनं. गुरूचे चार चंद्र दिसले की ती ओरडायची, "आत्या, मोहरी!" खरंच मोहरीएवढेच दिसायचे ते.

मग मामा आला. वहिनीचा धाकटा भाऊ, शहराबाहेर देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमधे राहणारा. गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून त्यानं जी दुर्बीण आणली, तिच्यापुढे पाणी तापवायचा बंब परवडला. तिच्यातून गुरूच्या अंगावरचे पट्टेसुद्धा दिसायचे. दुर्बीण तो आमच्याकडेच ठेवून गेला. पोरगी तिला जी चिकटली ती चिकटलीच. त्याच आठवड्यात वहिनीनं माझ्या दुर्बिणीवर मोजे वाळत घातले.

मी जळले. सरळ सांगते, जळजळ होते तशी पोटातून जळले. तिला मी भाची म्हणते आणि मामाही भाचीच म्हणतो, म्हणजे भाषेनंच आम्हाला एका पायरीवर बसवलेलं. त्यात चंद्रसुद्धा मामाच! सगळ्या आकाशात आत्या म्हणून कुणी नाही.

आठवडाभर भाचीला जेवू घालताना मी त्या दुर्बिणीचा उद्धार करत होते. कसली ती तोफ! ड्रेनेजचा पाइप नुसता! बंब मेला! पोरगी मन लावून ऐकत होती.

शनिवारी मामा परत आला. परसात सगळे जमल्यावर मला म्हणाला, "अक्का, इथं लाइट फार. आमच्याकडे काळोख एकदम भारी आहे. दुर्बीण आज घेऊन जातो, आणि दर शनिवारी हिला तिकडंच नेतो. सरी ना?"

काळोखाचाही तोरा मिरवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. भाऊ लगेच "सरी, सरी" म्हणत होकार देऊन मोकळा झाला. शनिवारी तिकडची चटक लागली तर माझ्याकडे उरणार काय?

"नको," भाची म्हणाली. "तिचं नाव अजून ठरलं नाही."

"कुणाचं गं?"

"दुर्बिणीचं. मामा, आत्या रोज तुझ्या दुर्बिणीला नावं ठेवते."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

"तोफ, पाइप आणि बंब," भाचीनं बोटं मोजली. "माझं नावपण तिनंच ठेवलंय. आमच्या आत्याला येतं!"

केवढ्या अभिमानानं सांगत होती! मराठी आमच्याकडे घरापुरती, शाळेत सगळं कन्नड नाही तर इंग्रजी. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचा फरक आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात मी कुर्र केलं होतं, ही गोष्ट मात्र मी तिला शंभरदा ऐकवली होती.

मामा गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाला, "मग पक्कं कुठलं, अक्का?" त्याला सगळं कळलं होतं आणि तरीही तो मला सांभाळून घेत होता. तेव्हा तर तो मला अगदी असह्य झाला.

भाचीनं मला ओढत नेलं. मी त्या नळकांड्याच्या तोंडाशी वाकले. आठवडाभर नावं ठेवली आणि नाव ठेवायची वेळ आली तर एक धड सुचेना.

"कुर्र," मी म्हटलं. आवाज आत घुमला. "बंब."

"झालं! आता ती इथंच राहणार," भाची म्हणाली. "माझं नाव आत्यानं ठेवलं, म्हणून मी आत्याच्या घरी राहते. तसंच."

मामानंच दुर्बीण गुरूकडे वळवून दिली. मी डोळा लावला. गुरूचे पट्टे स्वच्छ दिसत होते. माझ्या दुर्बिणीनं जन्मात दाखवले नसते.

"कसा दिसतो?" मामानं विचारलं.

"बरा आहे."

"आत्या गुरूलापण नावं ठेवते!" भाची ओरडली, आणि सगळे हसले. मामा हसला नाही. भाचीनं माझा हात धरला होता, त्या हाताकडे तो बघत होता. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती.

"पुढच्या शनिवारी लवकर या," मी म्हटलं. "पण पहिल्यांदा मी बघणार."